फ्रान्सच्या गृहमंत्र्यांना खुले पत्र : आधी विमा की आधी परवाना, हे एकदा ठरवा

प्रति,
मा. गृहमंत्री,
फ्रेंच प्रजासत्ताक, पॅरिस

विषय : 'व्हिजिटर' निवासपरवान्याचे नूतनीकरण आणि रखडलेले आरोग्यसंरक्षण

महोदय,

सादर नमस्कार.

परदेशी नागरिकांच्या अर्जांसाठी आपल्या मंत्रालयाने चालवलेल्या 'आनेफ' या संगणकीय प्रणालीवर गेल्या आठवड्यात माझ्या नावे एक सूचना आली. पुढील संपूर्ण वर्षाच्या आरोग्यविम्याचे प्रमाणपत्र तीस दिवसांत जोडावे, अन्यथा निवासपरवान्याच्या नूतनीकरणाचा अर्ज बंद करण्यात येईल, असे तीत म्हटले आहे. त्याच आठवड्यात जिल्ह्याच्या आरोग्यविमा कार्यालयाचे, ज्याला इथे सगळे 'सेपाम' म्हणतात, त्याचेही पत्र आले. माझ्या व्हिसाची मुदत उलटली असल्याने नवा निवासपरवाना पाठवल्याशिवाय आरोग्यसंरक्षणाच्या अर्जावर निर्णय घेता येणार नाही, असे ते कार्यालय कळवते. परवाना मागावा तर विमा हवा आणि विमा मागावा तर परवाना हवा. इकडे आड आणि तिकडे विहीर, अशा जागी आपल्या शासनाने सत्तरी ओलांडलेल्या एका बाईला आणून उभे केले आहे.

या पत्राची फ्रेंच प्रत माझ्या मुलीने आपल्या कार्यालयाकडे नोंदणीकृत टपालाने रवाना केली आहे. मराठीत ते प्रसिद्ध करण्याचे कारण असे की, माझ्यासारखे अनेक आईवडील पुण्याहून, नाशिकहून, साताऱ्याहून मुलांकडे राहायला येतात आणि या वाटेवर पुढे काय वाढून ठेवले आहे हे त्यांना निघण्यापूर्वी कोणी सांगत नाही.

मी सातारा जिल्ह्यातील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. यजमान गेल्यानंतर गावाकडे एकटीने राहणे कठीण झाले आणि एकुलत्या एका मुलीने मला इथे बोलावून घेतले. ती अद्याप भारतीय नागरिक आहे. फ्रेंच नागरिकाच्या आश्रित आईवडिलांना दहा वर्षांचे कार्ड मिळू शकते, परंतु परदेशी नागरिकाच्या आईला ती सोय नाही, आणि कुटुंब एकत्र आणण्याची जी आपली योजना आहे तिच्यात पतिपत्नी आणि मुले बसतात, आई बसत नाही. म्हणून माझ्यासाठी एकच दार उरले, ते दीर्घ मुदतीच्या 'व्हिजिटर' व्हिसाचे. काम करणार नाही असे मी लिहून दिले. माझे निवृत्तिवेतन आपल्या किमान वेतनाच्या, म्हणजे २०२५ साली हातात पडणाऱ्या सुमारे १४२६ युरोंच्या, पासंगालाही पुरत नाही, म्हणून मुलीने माझ्या खर्चाची हमी दिली. २०२४ च्या शरद ऋतूत आल्यावर तीन महिन्यांच्या आत व्हिसाची ऑनलाइन नोंद केली आणि २०० युरोंचा कर भरला. नूतनीकरणाचा अर्जही मुदत संपण्याच्या चार ते दोन महिने आधीच्या ठरलेल्या काळात केला. आपण मागितलेला एकही कागद मी द्यायचा ठेवला नाही, आणि हे मी ठामपणे सांगू शकते, कारण आयुष्यभर मी सरकारी कागदच सांभाळले आहेत. शाळेचे जनरल रजिस्टर, पटनोंदणी, जनगणनेचे तक्ते, मतदारयाद्या ही सगळी कामे मी उन्हातान्हात फिरून केली आहेत. शासनाला कागद लागतो, याबद्दल माझी तक्रार नाही.

व्हिसासाठी भारतातून घेतलेला प्रवासविमा एका वर्षाचा होता. तो संपला, आणि माझे वय व मधुमेह पाहून कंपनीने पुढे वाढवून देण्यास नकार दिला. इथल्या खासगी कंपन्यांकडे मुलीने चौकशी केली, तेव्हा ज्या हप्त्याचे आकडे पुढे आले ते ती घरभाड्यावर खर्च करते त्याहून मोठे होते, आणि इतके देऊनही आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च त्यात धरलेला नव्हता. याचा अर्थ असा की, आपले कार्यालय जे प्रमाणपत्र मागते ते मी विकत आणले तरी ज्या आजारासाठी मला विमा हवा आहे त्याला त्याचा काडीचा उपयोग नाही. तो कागद केवळ फाइलीत लावण्यासाठी हवा, आणि त्याची किंमत माझ्या मुलीने मोजायची.

याउलट आपल्या देशाच्या कायद्याने मला जे देऊ केले आहे ते पुरेसे आहे. १ जानेवारी २०१६ पासून लागू असलेल्या 'प्युमा' या सार्वत्रिक आरोग्यसंरक्षणानुसार फ्रान्समध्ये स्थिर आणि कायदेशीर वास्तव्याचे तीन महिने झाले की कोणीही नोंदणीसाठी अर्ज करू शकतो. मधुमेह तर दीर्घकालीन आजारांच्या त्या यादीत आहे, ज्यांच्या उपचाराचा ठरलेल्या दराने शंभर टक्के खर्च आरोग्यविमा उचलतो. मी तीन महिने पूर्ण होताच, २०२५ च्या जानेवारीत, अर्ज केला. तो आजही प्रलंबित आहे.

प्रलंबित का आहे, तर परवान्याच्याही आधीची अडचण ही की, माझ्या जन्माची नोंद नाही. माझ्या पिढीत खेड्यात बाळंतपण घरी होत असे आणि नोंद करायला कोणी जात नसे. शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून ही तारीख लिहिली आणि तीच दाखल्यावर, सेवापुस्तकात, निवृत्तिवेतनाच्या आदेशावर आणि पासपोर्टावर उतरली. महाराष्ट्रात या तारखेला जन्मलेली माणसे किती निघतील, याची आपल्याला कल्पना येणार नाही. सेपामला मात्र आईवडिलांच्या नावांसह मूळ जन्मनोंद हवी, तिच्यावर भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य ठरवणारे प्रमाणन, हवे आणि शपथबद्ध अनुवादकाने केलेले भाषांतर हवे. आमच्याकडे उशिराची जन्मनोंद दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाने करून घेता येते, पण मी अर्ज केला नेमक्या त्याच जानेवारीत महाराष्ट्र शासनाने, परदेशी घुसखोरांना बोगस दाखले दिले गेल्याच्या तक्रारींवरून, असे आदेश देण्याचे काम थांबवले आणि मार्चमध्ये नवे कडक नियम आणले. तेव्हापासून माझे प्रकरण तालुक्याच्या कचेरीत पडून आहे. भाचा तिथे खेटे घालतो आणि पुढची तारीख घेऊन परत येतो. भारतीय दूतावासाने पासपोर्टाच्या आधारे दिलेला जन्माचा दाखला आम्ही सेपामला पाठवला, तर तो 'अपुरा' असा शेरा मारून परत आला. माझ्या राज्याच्या कारभाराला आपण जबाबदार नाही, हे मला समजते आणि त्याबद्दल मी मुंबईला वेगळे लिहिणार आहे. पण जिच्या पासपोर्टावर आपणच व्हिसा दिला ती बाई कोण आहे याविषयी आपल्याच दुसऱ्या कार्यालयाला शंका कशी येते, याचे उत्तर आपण द्यायला हवे. निवृत्तिवेतनासाठी दर नोव्हेंबरात मी जिवंत असल्याचा हयातीचा दाखला देते. आता इथे मी जन्मले होते याचा पुरावा देते आहे.

या प्रतीक्षेत रोजचे आयुष्य कसे चालते, तेही आपण ऐकून घ्यावे. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातली मुलगी इन्सुलिनची पेने काउंटरवर ठेवते आणि हिरव्या 'कार्त व्हिताल'साठी, म्हणजे आरोग्यविम्याच्या कार्डासाठी, हात पुढे करते. माझ्याकडे कार्ड नाही हे तिला आता ठाऊक आहे, तरी सवयीने हात पुढे येतो, आणि मागे रांगेत उभी असलेली माणसे पाहत असताना माझी मुलगी आपले बँकेचे कार्ड काढते. डॉक्टरांची साधी भेट ३० युरोंची आहे. ती टाळता यावी म्हणून पायाला मुंग्या येतात, बोटे बधिर होतात, हे मी कितीतरी दिवस मुलीला सांगितलेच नाही. मधुमेही माणसाने पायाची हेळसांड करू नये, हे न कळण्याइतकी मी अडाणी नाही. पण नातवाच्या शाळेच्या जेवणाचे पैसे आणि माझी तपासणी यांच्यात निवड करण्याची पाळी आली की आई काय निवडते, हे कोणत्याही देशात वेगळे सांगावे लागत नाही.

आणि आणखी एक गोष्ट, जी आपल्या सूचनेत कुठे बसत नाही. पावसाळा संपता संपता गावी माझा थोरला भाऊ वारला. त्या वेळी माझ्या व्हिसाची मुदत संपली होती आणि अर्ज विचाराधीन असल्याचे तीन महिन्यांचे प्रमाणपत्र प्रणालीवर अजून आलेले नव्हते. गेले असते तर परत येऊ दिले असते की नाही, हे कोणी छातीठोकपणे सांगेना. मी दहाव्यालाही जाऊ शकले नाही. ते प्रमाणपत्र नंतर आले, विलंबाबद्दल एका शब्दाच्या खुलाशाशिवाय.

महोदय, आपल्या गृहखात्याकडे कामाचा केवढा रेटा आहे याची मला जाणीव आहे. आपल्याच मंत्रालयाच्या आकड्यांनुसार २०२४ साली ३ लाख ३६ हजारांहून अधिक पहिले निवासपरवाने दिले गेले, आणि नूतनीकरणे त्याहून वेगळी. पण आनेफची ही स्थिती अचानक उद्भवलेली नाही. ३ जून २०२२ रोजी आपल्या देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने, कोंसेय देताने, निकाल दिला की संगणकावर ज्यांचा अर्ज अडतो त्यांच्यासाठी दुसरा मार्ग ठेवणे शासनाला बंधनकारक आहे. २०२४ च्या डिसेंबरात आपल्या हक्करक्षक संस्थेने केवळ या प्रणालीवर अहवाल काढला आणि तिच्यामुळे लोकांच्या हक्कांवर मोठ्या प्रमाणावर आघात होत असल्याचे नमूद केले. न्यायालयाने सांगून झाले, आपल्याच हक्करक्षक संस्थेने सांगून झाले, तरीही आमच्या शहरात प्रेफेक्चरच्या, म्हणजे परवान्यांचे काम पाहणाऱ्या जिल्हा कार्यालयाच्या, दाराशी उभा असलेला सुरक्षारक्षक हात हलवून सांगतो की, ऑनलाइन जा. दुसरा मार्ग तो कोणता, ते त्याला माहीत नाही आणि आत बसलेल्यांना विचारायला तो आत जाऊ देत नाही.

आपल्याकडे एक तत्त्व आहे, नागरिकाने शासनाला एखादी गोष्ट एकदाच सांगायची. २०२२ च्या फेब्रुवारीतील कायद्याने कार्यालयांनी एकमेकांकडून माहिती घेण्याच्या या तत्त्वाला आणखी बळ दिले. मग माझा विमा अर्ज प्रलंबित आहे हे प्रेफेक्चरने सेपामला का विचारू नये, आणि माझे वास्तव्य कायदेशीर आहे हे सेपामने प्रेफेक्चरला का विचारू नये? मला दोघांमध्ये पत्रे पोचवणारी शिपाईण का करून ठेवले आहे? हे वचन फक्त फ्रेंच नागरिकांसाठी होते, असे असेल तर तसे स्पष्ट लिहावे.

२०२५ च्या नोव्हेंबरात आपल्या राष्ट्रीय सभेत पुढील वर्षाच्या सामाजिक सुरक्षेच्या अंदाजपत्रकावर चर्चा झाली, तेव्हा युरोपबाहेरून आलेल्या 'व्हिजिटर' लोकांनी काही न भरता आरोग्यसेवा घेऊ नये, त्यांच्याकडून किमान वर्गणी घ्यावी, असा मुद्दा मांडला गेला. रोख मुख्यतः श्रीमंत अमेरिकी निवृत्तांवर होता, पण त्या व्याख्येत मीही आहे. माझे याविषयी स्पष्ट म्हणणे आहे : वर्गणी घ्या. माझी मुलगी पगारातून सामाजिक सुरक्षेचा वाटा दर महिन्याला भरते, तसा माझाही वाटा ती आनंदाने भरेल, कारण खासगी कंपनीला द्यावा लागणारा हप्ता निदान एखाद्या इस्पितळाच्या कामी तरी येईल. फुकट कोणी मागितलेले नाही. आम्हाला फुकटे म्हणायचे, आणि पैसे भरायला जावे तर खिडकी बंद ठेवायची, हे दोन्ही एकदम करता येणार नाही.

भारत आणि फ्रान्स यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार १ जुलै २०११ पासून अमलात आहे. त्यात कंपन्यांनी पाठवलेल्या कर्मचाऱ्यांचा विचार आहे, निवृत्तिवेतनाचा आहे. त्या कर्मचाऱ्यांना आई असते, हा विचार दोन्ही देशांच्या अधिकाऱ्यांपैकी कोणाच्याही मनात आलेला दिसत नाही. तरुण अभियंते, संशोधक, विद्यार्थी हवेत, म्हणून दोन्ही सरकारे एकमेकांच्या गळ्यात हार घालतात. त्यांची म्हातारी माणसे मात्र दोघांनाही नकोत. ४ ऑक्टोबर १९४५ च्या ज्या आदेशाने आपली सामाजिक सुरक्षा उभी राहिली त्याची ऐंशी वर्षे २०२५ च्या ऑक्टोबरात साजरी झाली, आणि १९४६ च्या संविधानाच्या प्रस्तावनेत राष्ट्र सर्वांना, विशेषतः मूल, माता आणि वृद्ध श्रमिक यांना, आरोग्याच्या संरक्षणाची हमी देते. ती प्रस्तावना मी मुलीकडून वाचून घेतली. तिच्यात जन्मनोंदीची अट मला आढळली नाही.

माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. सेपामकडे अर्ज दाखल असल्याची पोच हाच नूतनीकरणासाठी आरोग्यसंरक्षणाचा पुरावा धरावा आणि तसा लेखी आदेश प्रत्येक प्रेफेक्चरला द्यावा. अर्ज विचाराधीन असल्याचे आपलेच प्रमाणपत्र सेपामने कायदेशीर वास्तव्याचा पुरावा म्हणून स्वीकारावे, यासाठी आपण आरोग्यमंत्र्यांशी बोलावे. ज्यांच्या देशात त्या काळी जन्मनोंद होतच नव्हती त्यांच्यासाठी पासपोर्ट आणि दूतावासाचा दाखला पुरेसा मानावा. आणि कोंसेय देताने सांगितलेली ती खिडकी उघडावी, जिच्यामागे उत्तर देणारा माणूस बसलेला असेल.

मला दिलेल्या तीस दिवसांपैकी आठवडा उलटून गेला आहे. दोन्ही कार्यालयांच्या पत्रांच्या प्रती, अर्जाचा क्रमांक आणि सेपामची पोच फ्रेंच प्रतीसोबत जोडली आहे. उरलेल्या मुदतीत आपल्याकडून लेखी उत्तर यावे, ही विनंती.

आपली,
सातारा जिल्ह्यातील एक निवृत्त शिक्षिका,
सध्या मुक्काम फ्रान्स