काकूंचं तिकीट

प्रिय पश्या,

तुझा मेसेज वाचला. मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को किती किलोमीटर, आणि काकूंना एकट्याने झेपेल का, हेच विचारलंस ना? अंतर सरळ मोजलं तर साधारण साडेतेरा हजार किलोमीटर, दुबईमार्गे पंधरा हजारच्या आसपास. म्हणजे दुबईमुळे दीड हजारच वाढतात, विमानाला ते पावणेदोन तासांचं काम. पण नुसते किलोमीटर बघून तिकीट काढू नकोस रे.

माझी आई पहिल्यांदा आली तेव्हाचं सांगतो, जून महिना होता. साताऱ्याहून संध्याकाळी सहाला गाडी काढली, मुंबईतून पहाटे साडेचारचं विमान, दुबईत अडीच तास थांबून पुढचं, आणि इथे उतरली दुपारी दीडला, त्याच तारखेला! तिकिटावरच्या वेळा बघून वाटतं नऊ तासांचा प्रवास. पण उन्हाळ्यात इथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे असतं (थंडीत साडेतेरा), म्हणजे झाले साडेएकवीस तास, आणि आपल्या घराच्या उंबऱ्यापासून धरलंस तर बत्तीस.

त्यात त्या दिवशी एकादशी. तिचा हिशोब साधा, आज सूर्य उगवला की उपवास सुरू आणि उद्या उगवला की सोडायचा. दुबईत उजाडलं आणि मग सूर्य मावळायलाच तयार नाही. दुबई आणि सॅन फ्रान्सिस्कोची रेखावृत्तं पृथ्वीच्या जवळपास बरोबर समोरासमोरच्या बाजूंना आहेत, त्यामुळे सगळ्यात जवळचा रस्ता सरळ वर उत्तरेला, उत्तर ध्रुवाच्या अगदी शेजारून जातो, आणि जूनमध्ये तिकडे रात्रच होत नाही. खिडकीतून बर्फ बघितला तो खाली दूध सांडल्यासारखा दिसत होता म्हणाली. सूर्य मावळला तो आमच्या गॅलरीतून रात्री साडेआठला, म्हणजे तिचा तो दिवस सव्वीस तासांचा झाला, आणि तेवढ्यात राजगिऱ्याचे चार लाडू आणि पाणी, बाकी काही नाही. मी कितीही सांगितलं तरी दुसऱ्या दिवशी सूर्य उगवल्यावरच जेवली.

पण मला खरं वाईट वाटलं ते तिचे पाय बघून. मोजे काढले तर घोट्यावर खोल वळ, अंगठ्याने दाबलं तर खड्डा तसाच राहत होता. दुबईपासून सोळा तास ती जवळजवळ उठलीच नव्हती, शेजारच्या माणसाला उठवायचा संकोच. म्हणून काकूंना कडेची सीट घे, खिडकीची नको, आणि तासा-दीड तासाने उठून दोन फेऱ्या मारायच्या हे आत्ताच बजावून ठेव, इतका वेळ एका जागी बसलं की पायात रक्ताच्या गाठी व्हायचा धोका असतो. व्हीलचेअर तिकीट काढतानाच सांग. आणि दुबईत अडीच तास नको, चार-पाच तास असू देत, पाय मोकळे होतात आणि गेट शोधताना जीव टांगणीला लागत नाही. दोन-तीनशे डॉलर जास्त गेले तरी जाऊ देत पश्या.

बीपीच्या गोळ्यांचं डॉक्टरांना विचारून घे, कारण "सकाळची गोळी" म्हणजे नक्की कुठली सकाळ हा प्रश्न खरंच पडतो. कुठली गोळी किती तासांनी ते मोठ्या अक्षरात मराठीत कागदावर लिहून दे आणि कागद पर्समध्येच ठेव, बॅगेत नको.

तिकीट फायनल करायच्या आधी फोन कर. तुझ्या सकाळी साडेआठला कर, माझ्याकडे आदल्या रात्रीचे आठ वाजलेले असतात, आईही असते, तिला काकूंशी बोलायचंच आहे.

तुझा,
नंदू