मनू, उत्क्रांतीचा धडा परत एकदा वाच

प्रिय मनू,

काल फोनवर उत्क्रांतीची उजळणी चाललीय म्हणालीस आणि घाईत बोलून गेलीस की अँटिबायोटिक सारखं घेतलं की बॅक्टेरियांना त्याची सवय होते, मग औषध चालत नाही. तुला मेसला जायचं होतं म्हणून मी तेव्हा काही बोलले नाही, पण ते डोक्यातून जाईना. क्लासमध्ये या चॅप्टरचे एमसीक्यू भराभर सोडवून घेतात, उत्तरंही बरोबर येतात, पण मूळ गोष्ट मुलांच्या डोक्यात उलटी बसते ती बसतेच.

बॅक्टेरियाला सवय वगैरे काही होत नाही गं. एका पेशंटच्या अंगात कोट्यवधी बॅक्टेरिया असतात, त्यातल्या एखाद्यात डीएनएची कॉपी होताना कुठेतरी बदल झालेला असतो, किंवा दुसऱ्या बॅक्टेरियाकडून त्याला एखादा जीन मिळालेला असतो, आणि नेमका त्याच्यामुळे तो औषधाला दाद देत नाही. बाकीचे मरतात, हा उरतो, आणि जागा मोकळी झाल्यामुळे पुढे सगळी त्याचीच पिल्लावळ. म्हणजे औषधामुळे एकही बॅक्टेरिया स्वतः बदलला नाही, बदलला तो सगळा समूह. एवढं एक पक्कं कर, अर्धा धडा तिथेच झाला.

आमच्या लॅबमध्ये हे डोळ्यांनी दिसतं. प्लेटवर पेशंटचे बॅक्टेरिया पसरून वर अँटिबायोटिकच्या छोट्या छोट्या चकत्या ठेवायच्या आणि प्लेट रात्रभर इन्क्युबेटरमध्ये. सकाळी चकतीभोवती स्वच्छ गोल पडलेला असतो, तिथे काही वाढलेलं नसतं. पण कधीकधी त्या स्वच्छ गोलाच्या आत दोन-चार ठिपके उभे असतात, टाचणीच्या टोकाएवढे. मग बाहेरून काही पडलं नाही ना ते आधी तपासायचं, आणि नसेल तर ते ठिपके म्हणजे तुझा हा धडाच.

आता हे न मरणारे बॅक्टेरिया औषधाच्या आधीपासूनच होते कशावरून, असं तू विचारशील आणि विचारायलाच हवं. 1952 मध्ये जोशुआ आणि एस्थर लेडरबर्ग या शास्त्रज्ञ नवराबायकोने हे मखमलीच्या तुकड्याने दाखवलं. बिनऔषधाच्या प्लेटवर वाढलेल्या बॅक्टेरियांवर मखमल दाबली, तिच्या लवेला ते चिकटले, मग तीच मखमल स्ट्रेप्टोमायसिन हे अँटिबायोटिक घातलेल्या प्लेटांवर दाबली. प्रत्येक प्लेटवर वाचलेले ठिपके साधारण त्याच जागी आले, आणि पहिल्या प्लेटवर, जिने औषध कधी पाहिलंच नव्हतं, त्या जागचे बॅक्टेरिया काढून तपासले तर औषधाला न जुमानणारे तिथे होतेच. मला हा प्रयोग फार आवडतो, एवढ्या साध्या सामानात एवढं मोठं उत्तर.

दुसरी गोष्ट, जो निभावतो तो उरतो ही जी नैसर्गिक निवड, ती म्हणजे प्रगती नाही. फिंच पक्षी म्हटलं की तुम्ही डार्विन आणि गॅलापागोस बेटं लिहून मोकळे होता, पण तिथल्याच डॅफ्ने मेजर नावाच्या बेटावर पीटर आणि रोझमेरी ग्रँट या शास्त्रज्ञ जोडप्याने 1973 पासून वर्षानुवर्षं पक्षी पकडून चोची मोजल्या. 1977 ला दुष्काळ पडला, बारीक मऊ बिया संपल्या, राहिली ती आपल्याकडच्या सराट्याच्याच जातीतली टणक काटेरी फळं, आणि ती फोडायला जाड चोच लागते. बहुतेक पक्षी मेले. जे वाचले त्यांच्या चोचीची जाडी सरासरी जवळजवळ अर्ध्या मिलीमीटरने जास्त निघाली, आणि पुढच्या पिढीतही चोची जाडच आल्या, कारण हा गुण आईबापाकडून पिल्लांत उतरतो. मग 1983 ला धो धो पाऊस झाला, बारीक बियाच बिया झाल्या, आणि पुढच्या वर्षांत फायदा झाला तो लहान चोचीवाल्यांचा! त्यामुळे पुढारलेला-मागासलेला असलं काही उत्तरात लिहू नकोस, त्या वेळी त्या जागी कोण निभावतो एवढाच प्रश्न असतो.

माकडाचं तर कुणी ना कुणी विचारणारच, माणूस माकडापासून झाला तर आजची माकडं माणूस का होत नाहीत म्हणून. सांग त्यांना, आजचा चिंपांझी आपला पूर्वज नाही, तो चुलत भाऊ आहे, दोघांचा पूर्वज एक होता आणि वाटा साधारण 60 ते 70 लाख वर्षांपूर्वी फुटल्या.

समूहात कुठला जीन किती हे काढायच्या हार्डी-वाइनबर्गच्या सूत्राला घाबरतेस ते मला माहितीय. p² + 2pq + q² = 1 नुसतं पाठ करण्यापेक्षा सिकलसेल हा आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार घेऊन बस. p म्हणजे चांगल्या जीनचं प्रमाण, q म्हणजे सिकलसेलच्या जीनचं; दोन्ही जीन सिकलसेलचे असले तर बाळ आजारी, एकच असला तर वाहक. समज एखाद्या वस्तीत 100 पैकी 1 बाळ सिकलसेलचं जन्मतं, म्हणजे q² = 0.01, q झाला 0.1, p 0.9, आणि 2pq 0.18. म्हणजे आजारी एक, पण वाहक अठरा, आणि ते चांगले हिंडते-फिरते. गडचिरोली-नंदुरबारकडे लग्नाआधी रक्त तपासा म्हणून सांगतात ते याच अठरांसाठी. आणि एवढा त्रासदायक जीन टिकला कसा, तर वाहकाला मलेरियाचा जीवघेणा आजार सहसा होत नाही. मलेरियाच्या मुलखात तो जीन पुसला गेला नाही तो यामुळे.

आता तू एक कर, 400 त 1 बाळ आजारी धर, वाहक किती ते काढ आणि वहीचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठव, मी रविवारी ड्यूटी संपली की बघते. बाबा पुढच्या आठवड्यात लातूरला येतायत, त्यांच्याबरोबर शेंगदाण्याचे लाडू देतेय, रूममधल्या मुलींनाही दे.

तुझी,
आई