रंकाळ्यावरच्या वस्तादांना माझ्या गुडघ्याकडनं थँक्यू

वस्ताद, नमस्कार. तुमचं नाव इथं लिहीत नाही, आवडणार नाही तुम्हाला, पण सकाळी कट्ट्यावर येणाऱ्यांना बरोबर कळंल.

त्या दिवशी मी लंजेस (एक पाय पुढं टाकून गुडघे वाकवत खाली जायचं) मारत होतो, दोन्ही हात डोक्यावर ताठ, पाठ सरळ, जिममध्ये तसंच शिकवलेलं, आणि दर दोन-तीन रिपला झोकांड्या खात होतो, पुढच्या गुडघ्याची वाटी ठणकायची ते वेगळंच. मला वाटलं गुडघाच गेला आपला. तुम्ही लांबनं बघून एवढंच विचारलं, "बैठका मारताना कुठला पैलवान हात आभाळाला लावतो रं?"

मग हात छातीपुढं घ्यायला लावले आणि पाठ न वाकवता खुब्यातनं जरा पुढं झुकायला. पहिल्याच सेटला ताण मांडीतनं निघून मागं ढुंगणात गेला, गुडघा गप्प! घरी आल्यावर डोकं लावलं. दोन्ही हातांचं वजन अंगाच्या साधारण 10 टक्के, म्हणजे माझ्या 78 किलोत जवळजवळ 8 किलो. ते वर नेलं की अंगाच्या वजनाचा मध्य वर चढतो, धड सरळच धरावं लागतं, मग भाराची रेघ (त्या मध्यातनं सरळ खाली जाणारी) गुडघ्याच्या मागं लांब पडते आणि मांडीचा पुढचा स्नायू ओढ घेऊन वाटी आत दाबत बसतो. झुकलं की रेघ गुडघ्याजवळ येते, खुब्यापासनं लांब जाते. भार काय गायब होत नाही, गुडघ्याचा खुब्यावर जातो एवढंच (कंबर दुखणाऱ्यांनी झुकताना जपून).

तोल जायला लागला की हात आडवे पसर म्हणालात, तेव्हा दोरीवरची डोंबाऱ्याची पोर आठवली, काठी आडवी धरलेली. वजन लांब पसरलं की अंग सावकाश कलतं, सावरायला सवड मिळते.

आता एका हातात डंबेल घेतोय, उजवा पाय पुढं तर डंबेल डाव्या हातात. कंबर त्या बाजूला खाली ओढली जाते आणि ती लेव्हलला धरताना उजव्या खुब्याच्या बाजूचा स्नायू लई पेटतो. ही आयडिया पण तुमचीच, मी फक्त शिव्या देत करतोय.

डावा पाय पुढं असला की अजून डगमगतंय. रविवारी येतो, बघा जरा. आणि मिसळीचे पैसे मी देणार, मागच्या वेळेसारखं गुपचूप आधीच देऊन बसू नका.