मी भित्री आहे म्हणूनच भुताच्या गोष्टी लिहिते

संपादक साहेब, नमस्कार,

गेल्या रविवारी तुमच्याकडे एका वाचकाचं पत्र छापून आलं होतं, दिवाळी अंकातल्या भूतकथा बंद करा म्हणून. त्यांचं म्हणणं असं की एकीकडे आपण पुरोगामी महाराष्ट्र म्हणायचं, दुसरीकडे पोराबाळांच्या हातात हडळी नि मुंजे द्यायचे, आणि हे लिहिणारे लोक स्वतः एसीत बसून बिनधास्त लिहितात, घाबरतात ते बिचारे वाचक. पत्र सभ्य होतं, मुद्दाही अगदीच टाकाऊ नाही, त्यावर येते खाली. पण "बिनधास्त" वाचून मला हसूच फुटलं, कारण गेली पंधरा-सोळा वर्षं मी भयकथा लिहितेय आणि माझ्याइतकं भित्रं माणूस आमच्या अख्ख्या सोसायटीत दुसरं नसेल. आणि एसी नाहीये हो, टेबलफॅन आहे, तोही मान फिरवताना कटकट आवाज करतो आणि रात्री दीडला तो आवाज थांबला की माझा जीव वर येतो.

मला लिफ्टची भीती वाटते. रात्री आरशात बघायची वाटते, म्हणून बेसिनवरच्या आरशाला मी झोपायच्या आधी टॉवेल अडकवते, नवरा म्हणतो टॉवेल ओला राहतो. बंद फ्लॅटच्या दारासमोरून जाताना पावलं आपोआप भरभर पडतात. पाल तर सोडाच. लॅबचा रिपोर्ट हातात आला की मी तो आधी उलटा धरते. आणि रात्री साडेअकराच्या डोंबिवली लोकलमध्ये लेडीज डबा रिकामा असेल आणि ड्युटीवरचा पोलीस अजून चढलेला नसेल तर ठाण्यापर्यंत मी दारापासून लांब, पर्स छातीशी धरून बसते, आणि खरं सांगते, तिथे मला भुताची भीती अजिबात वाटत नाही, उलट एखादी हडळ शेजारी बसली असती तर सोबत झाली असती असं दोन-तीनदा मनात आलंय.

हे सगळं सुरू झालं कुडाळजवळच्या आमच्या गावात. संडास परसात, घरापासून पन्नासेक पावलांवर, मध्ये विहीर आणि चार माड. पावसाळ्यात लाईट गेली की दोन-दोन दिवस यायची नाही, मग कंदील घेऊन आजी पुढे आणि मी तिच्या लुगड्याचा पदर धरून मागे, आणि वाऱ्याने झावळ्या अशा काही सळसळायच्या की पोटात होतं ते काम तिथेच उरकतंय का काय असं वाटायचं. आजी मात्र त्याच पन्नास पावलांत गोष्ट सांगायची. विहिरीतल्या आसरांची, पिंपळावरच्या मुंजाची, आणि तिची खास हाकामारीची. "रातीची कोणी हाक मारल्यान तर पटकन ओ देव नको हां गो. हाकामारी दोनदाच हाक मारता. तिसऱ्यांदा इली तर आपला माणूस." हे ती इतक्या सहज सांगायची, जसं दुधाला विरजण लावलं का विचारावं. ती हाक ओळखीच्या आवाजात येते म्हणे, आईच्या, बापाच्या, आणि ओ दिली की संपलंच. मी सात-आठ वर्षांची असेन. तेव्हापासून ते डोक्यात जे बसलं ते बसलं.

लिहायचं खूळ कुठून आलं तेही सांगते. तालुक्याच्या वाचनालयात भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांची पुस्तकं असायची, खाकी कव्हर, पाठीवर शाईने नंबर, पानांवर कुणाच्या तरी चहाचे गोल. मी ती फक्त दुपारी वाचायची, पडवीत, माणसं येता-जाता दिसतील अशा जागी बसून. त्यातल्या एकाची शेवटची चार पानंच गायब होती. कुणी फाडली देव जाणे. माडीवर ते जे काही होतं ते जिना उतरायला लागलंय, पाचवी पायरी, सहावी पायरी, आणि पान संपलं. पुढे मागचं कव्हर. साहेब, मी तीन रात्री झोपले नाही, कारण माझ्यापुरतं ते अजून उतरतच होतं ना. चौथ्या दिवशी मी गणिताच्या रफ वहीत मागच्या बाजूने स्वतःच शेवट लिहिला, त्यात एक म्हातारी येते नि कंदील वर धरते नि ते जळून जातं, म्हातारी आमची आजीच होती हे सांगायला नको. त्या रात्री गाढ झोपले. धारप 2008 मध्ये गेले, 2025 साली त्यांच्या जन्माला शंभर वर्षं झाली, त्या पुस्तकाचा खरा शेवट मी अजून वाचलेला नाही. नंतर दुसरी प्रत मिळाली होती पण उघडली नाही, माझी म्हातारी खोटी ठरेल अशी भीती. ही पण एक भीतीच, घाला त्या यादीत.

आता पत्रलेखकांचा मुद्दा, की यातून अंधश्रद्धा पसरते. मी बीएस्सी आहे, मला कारणं माहिती आहेत. कोकणात चकवा म्हणतात तो, माणूस रात्रीचा रानात त्याच त्याच जागी फिरून येतो आणि सकाळी कळतं की आपण आपल्याच काजूच्या बागेत होतो, त्यावर जर्मनीत प्रयोग झालेत, 2009 मध्ये निष्कर्ष छापून आले. लोकांना जंगलात सरळ चालायला सांगितलं, ऊन असताना ते नीट सरळ गेले आणि आभाळ भरलेलं असताना गोल फिरून आपल्याच वाटेवर परत आले, आणि वर त्यांना वाटत होतं आपण सरळच चाललोय. डोळे बांधले तर वीस मीटरहून कमी व्यासाच्या गोलात सुद्धा फिरायला लागले. छातीवर मुंजा बसतो आणि ओरडता येत नाही, त्यालाही कारण आहे, स्वप्नांच्या झोपेत शरीर ढिलं पडलेलं असतं आणि कधीकधी मेंदू आधी जागा होतो, शरीर मागून. हे मला पाठ आहे. तरी माझ्या छातीवर गेल्या मे महिन्यात तो बसला तेव्हा मला यातलं एक अक्षर आठवलं नाही, भीमरूपी आठवलं, तेही अर्धंच.

आणि आपली भुतं एकदा नीट बघा हो. मुंजा कोण, तर मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत मेलेलं पोर. हडळ कोण, तर बाळंतपणात गेलेली बाई. आसरा पाण्यातल्या, आणि गावात विहिरी कोण जवळ करायचं ते काय वेगळं सांगायला हवं का. मी लिहायला बसते तेव्हा उलटे पाय वगैरे नंतर येतं, आधी येते ती सुईणीची वाट बघत असलेली बाई, पावसात ओढ्याला पाणी आलंय, सुईण पलीकडे अडकलीय. आमच्याच घराण्यात अशी एक गेली, आजोबांची पहिली बायको, तिचा फोटो नाही, कुणी विषय काढत नाही, पण परसातल्या फणसाखाली "ती दिसता" असं मात्र सगळे सांगायचे. तिची आठवण घरात उरली ती तेवढीच. अंधश्रद्धा म्हणून तो फणस पण तोडायचा का मग?

दाभोलकर सरांबद्दल मला मनापासून आदर आहे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात त्यांची हत्या झाली, त्यानंतर काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात जादूटोणाविरोधी कायदा पास झाला. पत्रलेखकांनी तो कायदा एकदा वाचावा अशी विनंती. भूत उतरवतो म्हणून माणसाला साखळीने बांधायचं, चाबकाने मारायचं, मिरचीची धुरी द्यायची, साप चावलेल्याला दवाखान्यात नेऊ न देता मंत्र मारत बसायचं, यासाठी शिक्षा आहे, सहा महिने ते सात वर्षं. आजीने कंदील धरून नातीला गोष्ट सांगायची याला नाही. आमच्या वाडीत एक बाबा यायचा, त्याच्या तोंडून मी भुताची एकही गोष्ट ऐकली नाही. तो फक्त म्हणायचा, आहे तुमच्यावर, मोठं आहे, कोंबडा लागेल. पुढच्या अमावास्येला दोन लागतील. आमच्या काकूच्या दोन पाटल्या आणि एक म्हैस गेली त्यात आणि काकूचा ताप शेवटी डॉक्टरच्या गोळ्यांनीच उतरला. गोष्टीला निदान शेवट असतो. त्या बाबाच्या भुताला शेवट नव्हताच, म्हैस संपली तेव्हा यायचा थांबला.

आणि बदनामीचं म्हणाल तर 2016 साली आमच्या सिंधुदुर्गात एका वाड्यात शूटिंग झालेल्या 'रात्रीस खेळ चाले' या भुताच्या मालिकेवरून केवढा गदारोळ झाला होता आठवत असेल, कोकण बदनाम होतंय म्हणून. पुढे त्याच वाड्याबाहेर टुरिस्टांच्या गाड्या लागल्या, सेल्फी काढायला. जाऊदे.

पण एक गोष्ट कबूल करायची आहे, खरं तर त्यासाठीच हे पत्र लिहायला घेतलं, कारण पत्रलेखकांचा मुद्दा मला इथे टोचतो. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट, पावसाळा, डोंबिवलीत पण लाईट गेलेली. मी डायनिंग टेबलावर लॅपटॉपच्या उरल्यासुरल्या बॅटरीवर एका दिवाळी अंकासाठी कथा पूर्ण करत होते, डेडलाईन उलटून गेलेली. नवरा नाईट शिफ्टला. बाबा आतल्या खोलीत झोपलेले, वय 78, दहाला झोपले की सकाळीच उठायचे. पावणेदोनच्या सुमारास हाक आली, "बाय...". मला घरी बायच म्हणतात. पण आवाज त्यांच्या खोलीच्या बाजूने आला नाही, उलट्या बाजूने आला, पोकळ, घुमल्यासारखा, विहिरीत तोंड घालून बोलावं तसा. माझे हात की-बोर्डवरच राहिले. मी ओ दिली नाही. परत आली, "बाय...", आधीपेक्षा बारीक. आणि साहेब, मी, बीएस्सी, चाळिशी उलटलेली बाई, एका मुलाची आई, मी मोजत बसले होते. दोन झाल्या. आता तिसरीची वाट बघायची.

तिसरी आलीच नाही. आला तो प्लास्टिकचा मग लादीवर आपटल्याचा आवाज, एकदा, दोनदा, तीनदा. तेव्हा मी धावले. बाबा बाथरूममध्ये पडले होते, पाय भलत्याच कोनात, हाक मारायचं त्राण संपलं म्हणून हाताला लागलेला मग आपटत होते. बाथरूममधून आली म्हणून हाक तशी घुमली होती, एवढं साधं कारण. मध्ये किती वेळ गेला माहीत नाही, मिनिट, दीड मिनिट, घड्याळ बघायला मी शुद्धीवर होते कुठे. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टर म्हणाले मिनिटभराने काही फरक पडला नसता, पडले तेव्हाच मोडलं. डॉक्टरांना काय जातंय म्हणायला. ॲम्ब्युलन्सची वाट बघताना बाबांनी विचारलं, "तुका ऐकाक नाय इला?" मी म्हटलं, डोळा लागला होता माझा.

त्यानंतर वर्षभर मी एक ओळ लिहिली नाही. लिहायला बसले की तो प्लास्टिकचा मग आपटल्याचा आवाज यायचा. भयकथा वाचायच्या पण बंद, कपाटाचं ते दारच उघडत नव्हते. पत्रलेखक त्या वर्षात मला भेटले असते तर मी त्यांच्या पत्राखाली सही केली असती.

मग एका संध्याकाळी, बाबा वॉकर घेऊन गॅलरीपर्यंत यायला लागले होते, चहा पिताना मी सगळं सांगून टाकलं. हाकामारी, दोन हाका, मोजणं, सगळं. मला वाटलं चिडतील, किंवा गप्प बसतील, त्यांचं गप्प बसणं जास्त वाईट. तर ते इतके हसले की बशीतला चहा सांडला. म्हणाले, "आवशीन माका पण ताच सांगलेला." आणि मग सांगायला लागले की गिरगावात खोलीवर राहायचे तेव्हा रात्री मित्र खालून हाका मारायचे, हे तिसऱ्या हाकेशिवाय खिडकीत जायचेच नाहीत, एकदा त्या नादात नाटकाचं फुकट तिकीट गेलं. पन्नास वर्षं त्यांनी हे कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री मी अर्धी राहिलेली कथा उघडली आणि पूर्ण केली. वेगळ्या अंकाला पाठवली, पहिल्या अंकाने माझं नाव केव्हाच काढून टाकलं होतं.

तेव्हा भूतकथा बंद करा या मागणीला माझा विरोध आहे असं नोंदवून घ्या. हवं तर वर वयाची अट छापा, माझी हरकत नाही. पत्र लांबलंय, जागेनुसार कापा, पण बाथरूमचं कापू नका.

बाकी बाबा बरे आहेत. बाथरूममध्ये दांडी लावून घेतलीय, उशाशी घंटी ठेवलीय पण ती ते वाजवत नाहीत, हाकच मारतात, फक्त आता एका दमात तीनदा मारतात. रात्री दोनला अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं "बाय बाय बाय!" शेजारच्या वहिनींनी परवा विचारलं, तुमचे बाबा रोज रात्री टाटा कुणाला करतात हो?

आपली,
एक भित्री कथालेखिका,
डोंबिवली पूर्व