बाय, तू वाळूवर थांब

पाचूबंदर, वसई
बुधवार, रात्री

प्रिय बाय,

रविवारी फोन मी ठेवला. मम्मीने तुला रेंज गेली म्हणून सांगितलं, तसं नव्हतं. ‘19 मुलं, एक रात्र, गेरोआचा किनारा, सर्फिंग’ एवढं तू बोललीस आणि पुढचं मला ऐकवेना. त्यानंतर तू दोनदा फोन केलास, तोही मी घेतला नाही. तुझं काहीच चुकलं नव्हतं. आज तिसरी रात्र, म्हणून लिहायला बसलो. लिहून झालं की मम्मी पानांचे फोटो काढून तुला पाठवेल. पोस्टाने जाईपर्यंत तुमची ट्रिप होऊनही जायची.

आधीच सांगतो, जाऊ नको असं मी म्हणत नाही. तुमच्या फादरांनी 19 घरांची पोरं तुझ्या हाती दिली, ती तुला नीट पारखूनच दिली असणार. मम्मीने सोमवारी चर्चमधल्या मिस्सानंतर चार बायकांना सांगितलं. मीही जेट्टीवर सांगितलं. आपल्या आळीतली पोरगी ऑस्ट्रेलियात जाऊन युवकांची पुढारी झाली, शनिवारी सूर्य उगवताना वाळूवर मिस्सा ठेवणार आहे, हे सांगताना माझा गळा भरून आला. समुद्राचं मात्र कोणाला सांगितलं नाही.

मुलं सिडनीच्या ब्लॅकटाऊनची, हे तू म्हणालीस तेव्हाच माझ्या पोटात गोळा आला. मी तिथे दोन महिने राहिलोय. तिथून समुद्र कुठे दिसतो? कोणाचे आईबाप केरळचे, कोणाचे फिलिपिन्सचे, कोणाचे लेबनॉनचे. पोरं शाळेच्या तलावात पोहायला शिकली असतील. तलाव आणि समुद्र यांतला फरक तुला मी सांगायला नको. तू नऊ वर्षांची असताना माझ्याबरोबर डोलीवर, म्हणजे डोलजाळ्याच्या मासेमारीला, आली होतीस. खुंटाला जाळं बांधताना पाणी कसं खेचतं ते तू तळव्यावर बघितलंस, दोरीने सालटं निघालं होतं. रडली नाहीस. घरी गेल्यावर आजीने हळद लावली तेव्हा रडलीस.

गेल्या वर्षी तू मला त्या समुद्रावर नेलंस तो दिवस आठवतो? उंचावर उभं करून तू विचारलंस, ‘पप्पा, यातलं सगळ्यात सुरक्षित पाणी कुठलं?’ दोन्हीकडे लाटा फुटत होत्या, पांढरा फेस होता, आणि मध्ये एक गडद, शांत पट्टा होता. मी त्या पट्ट्याकडे बोट दाखवलं. 40 वर्षं समुद्रात काढलेल्या माणसाने. तू म्हणालीस, तीच रिप, बाहेर खेचणारी ओढ, तिथेच माणसं जातात. मग मोबाइलवर तू तो व्हिडिओ दाखवलास, पाण्यात जांभळा रंग सोडतात आणि तो सरळ खोल समुद्राकडे धावत सुटतो. त्या रात्री मला झोप लागली नाही. डोळे मिटले की तो जांभळा पट्टा दिसायचा. परवापासून पुन्हा दिसतोय.

आपल्याकडची ओढ वेगळी. ती भरती-ओहोटीची. इथे उधाणाला पाणी पाच मीटरपर्यंत चढतं आणि तेवढंच उतरतं, म्हणून खाडीच्या तोंडाशी काय होणार ते तिथीवरून आम्हाला कळतं. अष्टमीला भांग म्हणजे कमी भरती, पुनवेला उधाण. तुमच्याकडे भरती दोन मीटरच्या आतबाहेर, म्हणून मला वाटलं होतं की तो समुद्र गरीब असेल. तिथे ओढ लाटांची आहे. एकामागून एक लाट येऊन पाणी वाळूवर टाकते, आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या बांधात खोल जागा सापडली की तिथून बाहेर पळतं. खोल पाण्यात लाट फुटत नाही, म्हणून तो भाग गुळगुळीत दिसतो आणि पोरं तिथेच उतरतात. हे तिथीत लिहिलेलं नसतं. आज इथे असेल, उद्या पन्नास पावलं पलीकडे. म्हणून शनिवारी पहाटे मिस्साच्या आधी तू एकटी उंचावर जाऊन अर्धा तास पाणी बघ. नुसतं बघ. माझे बाबा तसेच बघायचे, बिडी पेटवून, कोणाशी न बोलता.

आणि नदीकडे कोणालाही जाऊ देऊ नको. गेरोआच्या टोकाला ती क्रुकेड रिव्हर समुद्राला मिळते. पाणी उथळ आणि ऊबदार, पोरांना तेच आवडणार. ओहोटीला नदीच्या मुखातून पाणी बाहेर निघतं तेव्हा काय होतं हे तू आपल्या खाडीवर बघितलं आहेस.

सर्फिंगच्या फळ्यांचंही सांगतो. तूच मला सांगितलं होतंस की लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मध्ये फक्त पोहणारे, तिथे मोठ्या फळ्या चालत नाहीत. म्हणजे जीवरक्षक ज्या पाण्यावर नजर ठेवून बसतात, त्याच्या बाहेर तुमची पोरं असणार. शिकवणारे असतील, मऊ फळ्या असतील, पायाला दोरी असेल, सगळं मान्य. तरी पोरांना एवढं घोकायला लाव: ओढीत सापडलं तर फळी सोडायची नाही, तिच्यावर पालथं पडायचं, हात वर करायचा आणि थांबायचं. किनाऱ्याकडे तोंड करून ओढीशी झगडायचं नाही. दमतो तोच बुडतो. कमरेएवढ्या पाण्याच्या पुढे पहिल्या दिवशी कोणी जायचं नाही, कितीही चांगला पोहणारा असला तरी. चांगला पोहणाराच जातो, बाय. आपल्या घरात कोण गेला ते आठव.

आता रात्र. मला दिवसापेक्षा रात्रीची भीती जास्त. दिवसा शिकवणारे असतात, तू असतेस. शुक्रवारी रात्री गाणी होतील, प्रार्थना होईल, तुम्ही मोठी माणसं दमून झोपाल आणि सोळा-सतरा वर्षांचे दोन पोरगे म्हणतील, चल, जरा पाय भिजवून येऊ. लाट ऐकू येत असताना त्या वयात झोप लागत नाही. तेव्हा दाराजवळ तुमच्यातल्या एकाने अंथरूण घालायचं. पाळ्या लावा. दहाला मोजा, बाराला मोजा, पहाटे मोजा. नाव घेऊन मोजा, नुसती डोकी नाही, कारण उशीला चादर गुंडाळून ठेवणारे आम्हीही होतो.

हे सगळं तुला माहीत आहे. तू अतिदक्षता विभागात रात्रपाळ्या करतेस, मोजणं आणि जागणं मी तुला काय शिकवणार? तिथे मुलांबरोबर काम करायला सरकारी तपासणी होऊन परवाना लागतो, तोही तुझ्याकडे आहे. रागावू नको. लिहायला बसलो तेव्हा ठरवलं होतं की माफी मागायची, खुशाली विचारायची आणि पुरे. पण ज्याची भीती वाटते ते अजून मी लिहिलेलंच नाही, म्हणून बाकीचंच लिहीत सुटलोय.

भीती पोरांची नाही, तुझी आहे. एखादं पोरगं ओढीत सापडलं तर तू विचार न करता आत जाशील. मी तुला ओळखतो. तुझ्याकडे जीवरक्षकाचं ते ब्रॉन्झ मेडॅलियन आहे. लाल-पिवळी टोपी घातलेला तुझा फोटो मम्मीने अल्तारीशेजारी लावलाय, आल्यागेल्याला मीच तो दाखवतो. पण त्या परीक्षेचं तू सांगितलंस ते माझ्या डोक्यात राहिलं: 400 मीटर, नऊ मिनिटांच्या आत. मी हिशेब केला. सेकंदाला पाऊण मीटरही होत नाही. रिप जोरात असली की सेकंदाला दोन मीटरपर्यंत धावते. तिच्याशी कोणाच्याही हाताचा जोर चालणार नाही, तुझ्याही नाही.

तुझ्या काकाचं आपण घरात बोलत नाही. आजी असेपर्यंत बोलायची सोय नव्हती, पुढे सवय मोडली. तुला एवढंच माहीत आहे की त्याने एका पोराला वाचवलं. पिकनिकला आलेली पोरं होती, तीन. एकाला त्याने आणलं, वाळूवर टाकलं आणि दुसऱ्यासाठी तो परत गेला. मी तिथेच होतो. होडी वर ओढलेली होती, होडीत दोर होता, माझ्यापासून वीस पावलांवर. मी पळालो तो त्याच्यामागे पाण्याकडे, दोराकडे नाही. गळ्याएवढ्या पाण्यात गेलो आणि लोकांनी मला मागे ओढला. वाचलेला पोरगा पुढे दोन नाताळ आपल्या घरी आला. आजीने त्याला जेवायला वाढलं, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. दोन्ही वेळा मी घरात थांबलो नाही, जेट्टीवर जाऊन बसलो. त्या पोराचा काय दोष?

सिडनीच्या बाँडाय किनाऱ्यावर तू मला जीवरक्षकांचं जुनं रीळ दाखवलं होतंस, लाकडी, त्यावर गुंडाळलेला दोर. पूर्वी एक जण कमरेला पट्टा बांधून आत जायचा आणि दोर वाळूवर बाकीच्यांच्या हातात असायचा. 1938 च्या फेब्रुवारीतल्या त्या रविवारचंही तू सांगितलंस, एकापाठोपाठ मोठ्या लाटा आल्या आणि शेकडो माणसं एकदम आत खेचली गेली. पाच मेली, बाकीची सगळी वाचली, कारण वाळूवर शिकलेली माणसं उभी होती. तू पुढे चालत गेलीस, मी त्या रिळापाशी उभा राहिलो. तुला वाटलं माझे पाय दुखताहेत.

म्हणून एकच मागतो. त्या दिवशी तू फळी घेऊ नको. तुला सर्फिंग किती आवडतं ते मला माहीत आहे. पहिल्यांदा फळीवर उभी राहिलीस तेव्हा पहाटे फोन करून तू आम्हाला उठवलं होतंस, मम्मी समजली तुझं लग्न ठरलं. पण शनिवारी तू वाळूवर थांब. आपल्या बोटीवर तांडेल जाळं ओढत नाही. खलाशी ओढतात, तो सुकाणू धरून सगळ्यांच्या पाठी बघत असतो. पोरं म्हणतील, ताई तू का नाही येत? त्यांना सांग, माझ्या पप्पांना शब्द दिलाय. आणि तरीही जावंच लागलं तर आधी ओरडून दुसऱ्याला सांग, हातात फळी घे, रिकाम्या हाताने जाऊ नको. तू जाणारच नाहीस असा शब्द मी मागत नाही. तसा शब्द तू देणार नाहीस, आणि दिलास तर मला तो आवडणार नाही.

बाकी इथे सगळं ठीक. दादा बोट घेऊन गेलाय, उद्या येईल. बोंबील यंदा बरा आहे, तो वाळवायची वलांडी भरलेली आहे. मम्मीचा गुडघा तसाच. तिने शुक्रवारी संध्याकाळी घरात पवित्र माळेची प्रार्थना ठेवली आहे, शेजारच्या सगळ्यांना बोलावलंय. कारण विचारलं तर उपवासकाळ आलाय म्हणून सांगते.

तुम्ही सकाळी सातला पाण्यात उतरणार, तेव्हा इथे रात्रीचा दीड वाजलेला असेल. मी ओट्यावर बसलेला असेन. फोटो नको, व्हिडिओ नको, त्यात वेळ घालवू नको. सगळे बाहेर आले की नाव घेऊन मोज आणि मला नुसता आकडा पाठव. मुलं 19, आणि तुम्ही मोठी चार. 19 नको पाठवू, 23 पाठव.

तुझा,
पप्पा