शेंग वाळते कशी, यावरही संशोधन हवे

मा. संपादक,
अन्नसुरक्षेची चर्चा उत्पादनवाढीपाशीच थांबते. भुईमुगातल्या अफ्लाटॉक्सिनकडे, म्हणजे बुरशीने तयार केलेल्या विषाकडे, कोण पाहणार? काढणीआधीचे तीन-चार आठवडे पाण्याचा ताण पडला की बुरशी शेंगेत शिरते. उपटलेले वेल शेंगा वर करून पालथे वाळवावेत, दाण्यातला ओलावा ८ टक्क्यांखाली आणावा. शेंग हलवली की दाणा खुळखुळला पाहिजे. पण फोडताना दाणा तुटू नये म्हणून शेंगांवर पाणी मारतात आणि वाळवलेलं सगळं वाया जातं! भाजूनही हे विष पुरतं जात नाही. युरोपात थेट खाण्याच्या दाण्यांना किलोला ४ मायक्रोग्रॅमचीच मर्यादा आहे. सातारा-सांगलीत खरिपाची काढणी परतीच्या पावसात सापडते. गावात परवडेल असं वाळवणी यंत्र आणि ओलावामापक, यावर संशोधनाचा पैसा आधी खर्च व्हावा.

— एक वाचक, कोरेगाव (जि. सातारा)