३०० वॅटचे बटण आणि ९०० वॅटचा दणका

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : अर्क काढण्याचे मायक्रोवेव्ह यंत्र बदलून देणे अथवा रक्कम परत करणेबाबत

महोदय,

अक्कलकोट रोड एमआयडीसीत डाळिंबाच्या सालीचा अर्क काढायचे माझे छोटे युनिट आहे. सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, पण ते कौतुक दाण्यांचे. साल उकिरड्यावरच जाते. तीच आम्ही आणतो.

पूर्वी सॉक्सलेटवर, म्हणजे द्रावक उकळत ठेवून अर्क काढायच्या काचेच्या उपकरणावर, एका घाण्याला सहा तास लागायचे. तुमच्या विक्री प्रतिनिधीने सांगितले, मायक्रोवेव्हने सालीतला ओलावा आतूनच तापतो, पेशी फुटतात, काम मिनिटांत होते. ते खरे आहे, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती 'वॅटेज हवे तेवढे स्थिर ठेवता येते' या शब्दाची.

मी ३०० वॅट लावतो. अर्क उतरतो तो द्राव म्हणजे दोनशे मिली ७० टक्के इथेनॉल (अल्कोहोल), ६० अंशांवर ठेवायचे. प्लगला वीजमापक लावून पाहिले : दहा सेकंद यंत्र पूर्ण ताकदीने ओढते, वीस सेकंद गप्प बसते. म्हणजे ९०० वॅटचा दणका आणि विश्रांती, सरासरी ३००. घरात दूध तापवायच्या ओव्हनमध्ये हेच असते, आणि तो याच्या कितीतरी कमी पैशात मिळतो. हिशेब साधा आहे. दहा सेकंदांत ९,००० ज्यूल एवढ्याशा द्रावात गेले की तो पंधरा अंशांनी उसळतो. पडद्यावर मात्र ६०च दिसते, कारण तुमचा सेन्सर काचेची बाहेरची बाजू मोजतो.

परिणाम असा की द्राव फसफसून उतू जातो आणि अर्क काळपट येतो. सालीतले प्युनिकॅलॅजिन जास्त तापले की फुटून त्याचे इलॅजिक आम्ल होते. गिऱ्हाइक अर्क घेते ते प्युनिकॅलॅजिनसाठी. दोन घाणे परत आले. शिवाय इथेनॉल पेट घेणारे आहे आणि यंत्राला वाफ बाहेर काढायची सोय नाही. रात्रपाळीला मी कामगाराला त्याच्याजवळ एकटे ठेवत नाही.

तुमचे इंजिनिअर आले. एक लिटर पाणी दोन मिनिटे तापवले, साडेआठ अंश वाढले, '३०० वॅट बरोबर' असे लिहून गेले. सरासरी बरोबर येणारच! जाताना म्हणाले, सोलापूरचे व्होल्टेज खराब आहे. स्टॅबिलायझर त्यांच्या पायाशी होता.

मला सलग कमी वॅटवर चालणारे, द्रावात बुडणारा फायबर ऑप्टिक सेन्सर असलेले यंत्र द्यावे. ते तुमच्याकडे नसेल तर पूर्ण रक्कम परत करावी. हे युनिट मी पोटासाठी स्वतः चालवतो, त्यामुळे 'व्यावसायिक खरेदी' म्हणून २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यातून मला बाहेर काढता येणार नाही. पंधरा दिवसांत लेखी उत्तर हवे. पुन्हा पाण्याची चाचणी घ्यायला माणूस पाठवू नये.

सोबत : बिलाची प्रत, वीजमापकाचा व्हिडिओ, परत आलेल्या अर्काची बाटली.

आपला ग्राहक,
सोलापूर